अक्षरामागे आठ आणे

आबांच्या गंधमुक्तीला वाटायचे अकराशे तांबे
टेम्पोतून उतरले. एकेक वाजत होता, कोरा.
धाकट्या मुलानं चिठ्ठी दिली:
लोकनेते, विकासमहर्षी, खान्देशचा ढाण्या वाघ
कै. भिकन हिलाल देवरे यांच्या स्मरणार्थ.
मी सवयीनं अक्षरं मोजली. आठ आणे अक्षर, ठोक म्हणून.
त्यानं पेन मागितला, वाघ खोडला.
थोडं थांबून महर्षीही.
"लोकनेते राहू द्या," म्हणाला, "तेवढं पाहिजेच."

मशीन घरघरतं, सुई ठिपक्या-ठिपक्यानं पुढं सरकते.
पारोळ्याच्या बाजारात तीस-पस्तीस वर्षं हेच:
रुखवताची नावं, बारशाची, मेलेल्यांची.
एरवी मी वाचत नाही काय कोरतोय ते.

सव्वाशेव्या तांब्याला जीप आठवली.
मी पोटात आडवा, आई सांगते,
धुळ्याच्या वाटेवरचे सगळे नाले भरलेले,
आणि हा माणूस, तेव्हा नुसता भिकन,
दर नाल्याला उतरून काठीनं पाणी बघतोय,
परत येऊन म्हणतोय, "घाबरू नको वं मावशी."
म्हणजे ही सुई धरणारा हात
त्यांच्या खात्यावर जमा आहे.

चारशेच्या आसपास पतसंस्था आली.
आईचे एकेचाळीस हजार. पावतीचा नंबर तिला अजून पाठ,
माझा मोबाईल नंबर नाही.
शटरला कुलूप, कुलपाला लाख,
आणि व्यासपीठावरून आबा: एकाचाही पैसा बुडणार नाही.
त्या वर्षी त्यांच्या मळ्यातल्या तिसऱ्या विहिरीला
पाणी लागलं.

पुढं हात थांबला. किती झाले ते मोजायचं राहून गेलं.

समोरच्या बोळात लतीफचाचांची भट्टी होती.
ते कल्हई करायचे, मी नावं घालायचो,
गिऱ्हाईक तिकडून इकडं यायचं, भांडं अजून गरम.
चौकात आबांची सभा झाली.
त्यांनी नाव कुणाचंच घेतलं नाही, नुसतं बोट केलं
बोळाकडं.
बोटाला अक्षरं नसतात, त्याचा हिशेब कसा लावायचा?
रात्री नवसागराचा वास सुटला,
रोज यायचा तोच, पण गावभर,
दोन दिवस.
मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो.
तेही कुठं कोरलेलं नाही.

"गेल्या माणसाबद्दल बोलू नये," टपरीवरचा लोटन म्हणतो.
होता तेव्हा तरी तू कुठं बोलत होतास, लोटन.
आणि मी.

दुपारी मुनाफ आला. लतीफचाचांचा थोरला,
आता मालेगावला असतो, पोरीच्या लग्नाची भांडी घेऊन.
रांगेतला एक तांबा त्यानं उचलला.
बाहेरून बघितलाच नाही.
उजेडाकडं तिरपा धरून आत पाहिलं,
बाप पाहायचा तसं, कल्हई सगळीकडं बसली का.
"आतून बरा आहे," म्हणाला, आणि ठेवला.
तांब्याबद्दलच म्हणाला असेल.
त्याच्या पोरीचं नाव मी फुकट घातलं.
तो नको म्हणत होता.

अकराशेवर एक जास्त निघाला. घरी नेला.
आईला म्हटलं, पॉलिशला देऊन नाव काढून टाकतो,
नाहीतर लोकनेते तेवढं काढतो,
नाहीतर मागं तुझा पावती नंबर घालून देतो, सांग.
तिनं बोट फिरवलं कोरलेल्यावर,
तिला वाचता येत नाही, पण कुठून कुठपर्यंत आहे ते कळतं.
"ऱ्हाऊ दे रे भाऊ. घासतांना हातले लागी,
तवय याद ई."
"कशाची?"

ती उठली. चुलीतली राख घेऊन
मोरीवर बसली.