प्रश्न क्रमांक चौदा

अपघातानंतर सहा महिने. चार पानी फॉर्म,
एक निळं पेन, एक जादाचं,
आणि वडणग्याची केएमटी पाऊण तास उशिरा.

आण्णाप्पा मगदूम, वय एकावन्न, गुळव्या.
चरकात उजवा हात. तर्जनी गेली, मधलं गेलं.
अंगठा वाचला, असं सीपीआरच्या डिस्चार्ज कार्डावर
माझ्याच अक्षरात आहे.

चुलवाणापाशी खुर्ची कुठली.
चिपाडाच्या ढिगावर बसून विचारत गेले.
शर्टाची बटणं लावता येतात?
'येत्यात.'
पेला धरता येतो?
'धरतोय की. च्या घेनार?'
रात्री दचकून जाग येते?
'यायची. आता म्हस व्याला झाली की येती.'
वेदना, शून्य ते दहा?
मगदूम हसले.
'थंडीत चार घाला. न्हाईतर दोन.'

मी बेरीज केली. अठ्ठ्याऐंशी टक्के.
गाईडनी मान डोलावली असती:
पुनर्प्राप्ती समाधानकारक.

मग काहिलीत पाक चढला, फेस पिवळा पडला,
पोरानं थेंब गार पाण्यात सोडला,
गोळी चिमटीत धरून बापाकडं बघितलं.
बापानं डावा हात पुढं केला.
गोळी चोळली.
परत चोळली.
'ह्या हाताला पाक कळत न्हाई, सिस्टर.
तीस वर्सं ती दोन बोटंच शिकलीवती.'

आधण उतरलं, जरा उशिरा.
गूळ कुणी चाखला नाही माझ्यादेखत.

प्रश्न चौदा: पूर्वीचे काम करता येते का?
होय. अंशतः. नाही.
पेन तिन्ही चौकोनांवर फिरून आलं
आणि समासात लिहिलं, पाक कळत नाही.
ह्याला कोड काय देणार, गाईड विचारतील.
मलाही माहीत नाही.

सोमवारी पहिल्या वर्षाच्या मुली, नाडीचा तास.
तर्जनी आणि मधलं बोट, मी सांगत होते,
अंगठा नको, त्याला स्वतःची नाडी असते.
सांगता सांगता थांबले.
आता डाव्या हातानं बघा, म्हटलं.
पुस्तकात हे नाही.

खुसखुस झाली. मग वर्ग गप्प.
कौसर मुजावर शेजारणीचं मनगट धरून
डोळे मिटून बसली होती.
'मॅडम, हे ठोके हिचे, का माझेच?'

घड्याळाचा काटा एक फेरा मारून आला होता.
बोटं काढू नकोस, म्हटलं.
अजून एक मिनिट.