डावी बाजू

दाभोळहून फेरीबोट सुटते
तेव्हा आधी धक्काच मागे सरकतो.
सोळा वर्षं तिकिटं फाडतोय,
कोण हलतंय ते मला ठाऊक आहे,
डोळे तरी दर खेपेला फसतात.

पलीकडे धोपावे. दहा-बारा मिनिटं.
तेवढ्यात माणूस ओळखतो मी,
असं तंबाखू मळता मळता भुवडला सांगायचो.
भुवड मान हलवायचा.
इंजिनापाशी उभ्या माणसाला
काय ऐकू येतं देव जाणे.

आता हेच बघा: एक जण कठड्यावरून खाली वाकला
की शेजारचा वाकतो,
मग स्कूटरवाला, हेल्मेटसकट,
मग बोटीची ती अख्खी बाजू.
खाली नुसतं पाणी.
एकदा गंमत म्हणून मीच वाकलो,
आणि सगळे वाकलेले बघून
मलाच वाटलं, असेल बुवा काहीतरी.

किंवा दिनानाथ खोत.
अलीकडच्या तीरावर हॉटेलवाल्याच्या अंगावर ओरडतात, चहा गार म्हणून.
पलीकडे लेकीचं सासर.
उतरताना सदऱ्याचं वरचं बटण लावतात,
आवाज खिशात घालतात.
खाडीत मध्येच कुठेतरी माणूस बदलतो,
नेमका कुठे ते बघायचं राहतं,
मी सुट्टे मोजत असतो.

आणि सफूरा.
धोपाव्याच्या अंगणवाडीत जाते,
रोज त्याच जागी, कठड्याला टेकून, पाण्याकडे तोंड.
'ताई, सुट्टे आहेत का?'
उत्तर नाही.
'आज गर्दी आहे नाही?'
उत्तर नाही.
आठवड्याभरात मी ठरवलं: घमेंड.
मग तिची छत्रीसुद्धा घमेंडखोर दिसायला लागली.
घड्याळ बघायची तेही तोऱ्यात.
एकदा कुणाच्या रडक्या पोराला तिनं चिक्की दिली,
ती मी हिशेबात धरलीच नाही.
तीन वर्षं.

शिमग्यानंतर कठड्याचं वेल्डिंग निघालं.
त्या अंगाला दोरी बांधली,
म्हणून मी पलीकडून गेलो, तिच्या उजव्या हाताला.
'ताई, सुट्टे?'
ती दचकून वळली.
'बोलता की तुम्ही!
मला वाटायचं, काय तुसडा माणूस,
तोंडातून शब्द नाही, नुसता हात पुढे.'

मग कानातली बाळी चाचपत म्हणाली,
'डावा कान लहानपणीच गेला.'
जसं कुणी सांगावं, डावी चप्पल तुटली.

मी तिकीट फाडलं. वेडंवाकडं फाटलं.

त्या दिवशी चार खेपा उरल्या होत्या.
समोर दोन डोंगर तोंडाला तोंड लावून बसलेले,
मध्ये खाडीचं उजळ पाणी, तांब्याच्या आकाराचं.
डोंगर बघावेत तर तांब्या नाही,
तांब्या बघावा तर डोंगर नाहीत.
दोन्ही एकदम धरायला गेलो, डोळे दुखले.
चिपळूणला एक भाऊ आहे माझा.
त्याच्याबद्दलही माझं मत पक्कं आहे.
कुठल्या बाजूला उभा राहून केलं होतं,
आठवत नाही.

शेवटच्या खेपेला माणसं नव्हतीच,
एक टेम्पो, बर्फाच्या लाद्या.
भुवडच्या जवळ जाऊन विचारलं,
'मी कसा आहे रे?'
इंजिन धडधडत होतं.
भुवडनं कपाळावरचा घाम पुसला, टाकीकडे वाकून बघितलं.
'आहे,' म्हणाला,
'परतीपुरतं आहे.'