खोड

शोरूमच्या दाराशी बाबांनी चपला काढल्या.
"काका, चालते, घालून या,"
असं तो पोरगा म्हणेपर्यंत
दिग्रसच्या त्या आरशासारख्या फरशीवर
धुळीचे दोन पाय उमटले होते,
बोटांसकट.

मी कोटेशनचा कागद घेऊन बसले.
एक्स-शोरूम, विमा, आरटीओ,
हँडलिंगचे साडेसात हजार
(कोणी हाताळलं, कशाला, ते लिहिलं नव्हतं),
मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर.
चौदा वर्षं उपकेंद्रात सुया टोचून
जमवलेला आकडा माझ्या पर्समध्ये होता.
कागदावरचा त्याच्या पुढं
एकेचाळीस हजार पावलं जाऊन उभा.

बाबा गाडीभोवती फिरत होते.
बैलबाजारात चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस.
चाकावर थाप मारली,
बोनेटवरून हात नेला, वशिंडाच्या जागी थांबवला,
वाकून समोरची जाळी पाहिली, दात मोजावे तशी.
मग विचारलं,
"खोड काय हिची?"

प्रज्वल लांजेवार, असं बिल्ल्यावर होतं, हसला.
"खोड कशी राहीन काका, झिरो किलोमीटर आहे."
"बिनखोडीचं जनावर देवानं केलंच नाही, बापा.
मारकं असंन त मारकं म्हना लागते,
बसकं असंन त बसकं.
सांगून इकलं त पाप नाही."

मी मधे पडले. एकेचाळीस कमी करा म्हटलं.
तो पाचावर आला.
काचेच्या केबिनमधून मुंधडा साहेबांनी
डोकं वर न करता बोट हलवलं,
तसा तो पाचावरच थांबला.
मी उठून जायचं नाटक केलं.
ते मला येत नाही. पर्स खुर्चीतच राहिली.

तेव्हा बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला
आणि पसरला त्या पोराच्या हातावर.
"बोट दे."

लहानपणी पाहिलं होतं हे,
चारी बाजूंनी माणसं, आणि भाव दोघांनाच ठाऊक.
पोत्यात मांजराची पिल्लं असावी
तसा दुपट्टा हलत होता.
बिलं टाचणारी मुलगी टाचायची थांबली.
प्रज्वलला त्या भाषेतलं एक अक्षर येत नसणार,
पण त्याचे कान लाल झाले,
आणि थोड्या वेळानं तो वाकून
बाबांच्या कानात काही बोलला.

बाबांनी दुपट्टा झटकला. गाडीचं दार उघडलं.
"बाई, माये डोये गेले. हे चिकटोलं त्याच्यावर काय लिवलं व्हय?
वाच मोठ्यानं."
मी वाचलं.
मागल्या वर्षीचा मार्च.
पुन्हा वाचायला लावलं.
मुंधडा साहेब केबिनमधून बाहेर आले.

तीस सुटले. मॅट फुकट.
एसटीत मी कुरकुरले,
"अजून अकरा सुटले असते."
"सुटले असते."
"मग?"
"थंडा घाम होता त्या पोराच्या हाताले.
उपाशी मान्साले येते तसा."
खिडकीबाहेर तुरी होत्या, त्यांच्याकडं पाहत बसले.
मी नर्स आहे.
मला दिसला नव्हता.

बुधवारी गाडी मिळाली.
बोनेटवर लाल फीत, पेढे, एक फोटो.
बाबांनी ती फीत सोडली,
नीट गुंडाळली, प्रज्वलच्या खिशात घातली.
"दावं इकनाऱ्याच्या खुट्यालेच राह्यते.
ठेव तुह्यापाशी."
त्यानं खिशावर हात ठेवला. काही बोलला नाही.

मी किल्ली फिरवली, क्लच सोडला.
फाटकाच्या आत एकदा बंद पडली,
फाटकात एकदा,
आणि डांबरी रस्त्याला लागताना, मागं ट्रक पोंगा वाजवत असताना,
तिसऱ्यांदा.

मागच्या सीटवर बाबा खुसुखुसू हसत होते.
"बसकी निघाली लेका," म्हणाले,
"कोनी सांगतलंच नाही."

गाडी की मी,
ते विचारायचं राहून गेलं.