वाक्य होईस्तोवर

मानेवाड्याच्या समाजभवनात, कूलरच्या वर,
पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेला एकच नियम:
कोणाचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही.

वाचून मला हसू आलं.
आजवर माझं कामच ते होतं.
मितू "पा" म्हणाली की मी ग्लास भरायचो.
"ब" म्हणाली की बस, बाथरूम, बाबा,
डोळ्यांकडे पाहून ठरवायचो कोणता ब.
दवाखान्यात, शाळेत, मामाच्या लग्नात
तिच्या तोंडी माझाच आवाज.
लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

भोयर सर कॅलिपर खटखटवत आले.
"दादा, तुम्ही गेटबाहेर.
शनिवारी चार ते सहा इथं कोणीच कोणाचं पालक नाही."

कडुनिंबाखाली आम्ही सगळे रिकामे.
इरफानची अम्मी ओढणीची घडी घालते, मोडते, पुन्हा घालते.
आत इरफान बोटांनी नाणी वाचून राहिला,
विसाच्या नाण्याला बारा कोपरे, तो ओरडून सांगतो,
आम्ही बाहेर खिसे चाचपतो: खरंच बारा.
क्षितिज हजेरी घेतो.
स्वतःचं नाव दोनदा पुकारतो, दोन्हीदा हजर असतो.
मग "संघमित्रा", आणि शांतता,
आणि माझी बहीण आपलं अख्खं नाव
स्वतःच परत उच्चारते. अर्धा मिनिट लागतो.
घरी आम्ही त्याचं मितू करून टाकलं होतं,
सोपं पडावं म्हणून. आम्हाला.

पाचव्या शनिवारी ते पोह्यांच्या ठेल्यावर गेले.
मी पानठेल्याआड, चोरासारखा.

मितूनं तोंड उघडलं.
मान डावीकडे गेली, हात उडाला,
शब्द दातांपर्यंत येऊन अडला.
मागून कोणीतरी, "काय म्हणून राहिली बे ही?"
माझ्या जिभेवर तयारच होतं:
एक पोहे, तर्री कमी.
मी ते गिळलं. खर्ऱ्यापेक्षा कडू.

ठेलेवाला झारा हातात धरून उभा.
पातेल्यातला रस्सा बुडबुडला, थांबला, बुडबुडला.
"पो. हे."
"त. र्री."
आणि मग तो शब्द,
जो मी तिच्या वतीनं कधी बोललोच नव्हतो:
"जा. स्त."

जास्त.
इतकी वर्षं मी कमी सांगत आलो.
तिला झेपणार नाही, ठसका लागेल, ड्रेस खराब होईल,
आणि खरं सांगायचं तर, पुसावं मला लागेल.

ठसका लागला. ड्रेस खराब झाला.
नाकातून पाणी, हनुवटीवर लाल तेल,
आणि तिनं प्लेट पुन्हा पुढे केली.

परतताना तुकडोजी चौकात सिग्नल लाल.
मागच्या सीटवरून तिनं माझा खांदा दाबला.
"ब."
बाबा? बस? बर्फगोळा?
आरशात तिचे डोळे दिसत होते. मी नजर वळवली.
सिग्नल हिरवा झाला.
मागून एक हॉर्न, मग चार, मग कोणाची तरी शिवी.
मी पाय टेकवून उभा.
थांबा न बावा,
ती बोलून राहिली.