विलग

तोल्मिनच्या चढावरचं शेवटचं घर लुद्विकचं.
अंगणात मधमाश्यांच्या पेट्या, पिवळ्या, निळ्या,
आणि आत, भांड्यांच्या कपाटाशेजारी,
दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा संगणक.
"पंधरा दिवस झाले," तो म्हणाला,
"सुरू करायला जावं, तर कुणीतरी
आधीच आत बसलंय असं वाटतं."

दोनशे चौदा दिवस अपडेट ताटकळलेलं.
ब्राउझरच्या कपाळावर चार परक्या पट्ट्या.
मधाच्या बरणीखाली चिकटवलेला पासवर्ड:
मार्येता१९५१.
बँकेला तोच, वीजबिलाला तोच.
एकच किल्ली सगळ्या कुलपांना चालवू नये, मी म्हणाले.
तो म्हणाला, या वाटेवर कुलपंच नव्हती कधी.

तपासणी चालू झाली. चाळीस मिनिटं दाखवत होती.
मी फायरवॉल समजावू लागले, तर त्याने हात वर केला:
"पेटीच्या तोंडाशी पहारेकरणी असतात.
येणारीला हुंगतात. वास परका लागला
तर ढकलून देतात, पायाला धरून.
पण परकी जर मध घेऊन आली,"
त्याने कपात चमचा फिरवला,
"तर येऊ देतात पुष्कळदा."

मग सापडलं ते.
एक मेल, पंधरा दिवसांपूर्वीची, सोबत एक फाइल.
विषय: फोटो बघ कसे आलेत.
पाठवणारी मार्येता.

भिंतीवर तिची तसबीर होती, खाली सुकलेली लव्हेंडर.

मी म्हणाले, तिचं खातं कुणीतरी फोडलंय,
पत्त्यांची यादी हाती लागली की
यंत्रच लिहितं सगळ्यांना. माणूस नसतं तिथे.
"माहीत आहे," तो म्हणाला.
"शवपेटीचं लाकूड मी निवडलंय.
शुद्धलेखनाच्या दोन चुकाही होत्या त्यात.
छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं तिने, एक चूक सोडली नाही.
तरी वाटलं,
घाईत असेल."

पडद्यावर दोन बटणं आली.
पुसून टाका. विलग ठेवा.
"विलग म्हणजे काय?"
असतं इथेच, मी म्हणाले, पण बंद.
ते तुम्हाला काही करू शकत नाही.
तुम्हीही त्याला उघडू शकत नाही.

एरवी मी पुसायलाच सांगते. सगळ्यांना.
त्या दिवशी खिडकीबाहेर पेट्या मोजत राहिले.
माउसचा आवाज आला, एकदाच.

मग बाकीची कामं. पट्ट्या उपटल्या.
अपडेटला रात्रीची वेळ नेमून दिली.
तिच्या पाककृती, खरे फोटो, मधाचे हिशेब
वेगळ्या डिस्कवर उतरवले. ती डिस्क त्याने
केकच्या जुन्या साच्यात ठेवली, वर झाकण.
नवा पासवर्ड टाकताना मी पाठ फिरवली.
एका बोटाने, सावकाश, कितीतरी वेळ
कळा वाजत राहिल्या. ओळच लिहीत होता बहुधा.
मधे एकदा थांबला, काहीतरी खोडलं,
बरोबर केलं.

निघताना त्याने मधाची बरणी दिली.
गाडीत ठेवताना बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागला,
बरणीच्या बुडाला.