आयत्या वेळचे विषय

मंगळवारी सभा, म्हणून सोमवारी रात्रीच
मी मतांच्या गोट्या काढते.
पांढऱ्या हस्तिदंताच्या, कोमट पाण्यात धुते.
काळ्या लाकडाच्या, त्या फुगतात,
नुसत्या पुसून ठेवते.

हार्नबी भूगर्भ मंडळाचे सभासद बावीस.
कोरम सातांचा. सहाच आले
तर पलीकडच्या गल्लीतून खजिनदार पर्किसना उठवून आणायचं,
हेही माझंच काम.
येतात बिचारे घरातल्या सपाता घालून
आणि हिशेबाचा विषय निघाला की त्यांना खोकला येतो.

नियम छापलेले आहेत, एकतीस.
नववा: निबंधावर बोलताना उत्पत्तीची कथा मध्ये आणू नये.
अकरावा: स्त्रियांनी मे महिन्याच्या व्याख्यानाला यावं,
बागेकडच्या दाराने.
मी रोज येते, कोळशाच्या दाराने,
त्याबद्दल नियम नाही.
सतरावा: तीन काळ्या पडल्या की उमेदवार पडला.
कारण विचारू नये, आकडा सांगू नये.

त्या मंगळवारी नाव होतं एनॉक गार्थचं.
पाटीच्या खाणीतला दगडफोड्या.
मार्चमध्ये यानेच याच टेबलावर
गोणपाट उलगडून मासा ठेवला होता,
दगडाचा, खवला न् खवला शाबूत.
डॉक्टर ऑल्डक्रॉफ्ट वयाचा अंदाज सांगत राहिले.
एनॉक एवढंच म्हणाला,
याच्यावर चौदा थर होते साहेब, मी मोजलेत.

पेटी फिरली. मनगटापर्यंत हात आत,
गोटी पडल्याचा आवाज
काळीचा न् पांढरीचा सारखाच.
मोजायच्या अध्यक्षांनी. पण रेव्हरंड सेल्विनना मोतीबिंदू,
चार वर्षं झाली, कुणी तसा ठराव केलेला नाही.
मी खण ओढते, हळूच आकडा सांगते,
ते मोठ्याने निकाल सांगतात.
असं चालतं विज्ञानाचं राज्य हार्नबीत.

पांढऱ्या अकरा. गार.
काळ्या तीन, आणि तिन्ही कोमट,
कुणीतरी मुठीत बराच वेळ
धरून ठेवलेल्या.

दोन, असं म्हणता आलं असतं मला.
वर्षाचे चौदा पौंड, तळघरातली खोली, कोळसा फुकट.
तीन, म्हणाले मी.

चिटणीसांनी लिहिलं: निवड झाली नाही.
मग, अध्यक्षांच्या परवानगीने, आयत्या वेळचे विषय:
गार्थ यांजकडील मासा दोन गिनीस विकत घ्यावा,
त्यास अध्यक्षांचं नाव द्यावं.
सूचक ऑल्डक्रॉफ्ट. अनुमोदक पर्किस.
एकमताने.
हात वर करून. उघड.
रेव्हरंडांनी बोटांनी मासा चाचपला,
शेपटीपासून डोक्याकडे, उलटा,
आणि म्हणाले, सुंदर आहे.

खाली स्वयंपाकघरात एनॉक बसला होता,
टोपी गुडघ्यावर, कॉलर नवी, मानेला लाल वळ.
मी चहा ओतला.
किती? त्याने विचारलं.
पुरेशा, म्हणाले मी.

चहा संपवला त्याने, शेवटच्या घोटापर्यंत.
बशी कपाखाली नीट ठेवली.
दारात थांबून म्हणाला,
शेपटीजवळ पापुद्रा सुटतोय, मिसेस पोल्ड.
धूळ झटकाल तेव्हा
ब्रश मऊ घ्या.