हिरवी तार

मशीन चालू असताना नळ धरला
की हाताला मुंग्या यायच्या.
थंडीनं असेल, म्हणायची वेणूताई.
सेलूत, मे महिन्यात, थंडी!

खय्यूम वायरमननं दारात चप्पल काढली,
आठवलं तशी पुन्हा घातली.
टेस्टर नळाला टेकवला. आत बारीक लाल डोळा.
"मशीन गळतंय, ताई. पाणी न्हाई, करंट."

मशीनची वायर बदलली,
मग एकच हिरवी तार फिरवली त्यानं :
नळ, शॉवर, खिडकीचे गज, टॉवेलचा दांडा,
सगळे एका दावणीला.
"आता कुणी कुणापेक्षा वर न्हाई.
झटका फरकाचा असतो."

परसात खड्डा. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी.
काळी माती इतकी भेगाळलेली
की पट्टीला धरीना.
"रोज तांब्याभर पाणी घालत जा.
कोरडी जमीन काहीच पोटात घेत न्हाई."

आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी.
तरी आंघोळीतला शेवटचा तांब्या
वेणूताई अंगावर घेत नाही.
ओल्या केसांनी परसात जाते,
खड्डा पितो तोवर उभी राहते,

मग आत येऊन
नळाला उलटा हात लावून बघते.
काही होत नाही.
पुन्हा लावते.